प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, पण एका बाटलीने त्यांचं नाव बुडवलं

नाशिकपासून काही मैलांवरच्या भगूर गावातल्या सावरकरांच्या घराची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. विनायक नऊ वर्षांचा असताना, १८९२ साली, आई राधाबाई पटकीने गेल्या. पुढे १८९९ मध्ये वडील दामोदरपंत आणि पाठोपाठ चुलते प्लेगने गेले. धाकटा भाऊ नारायण आणि थोरले बाबाराव या दोघांनाही प्लेगने धरलं होतं. नाशिकला ते कसेबसे वाचले.

सात वर्षांत एका घराने दोन साथी पाहिल्या. पटकी आणि प्लेग. त्या काळात महाराष्ट्रात अशी घरं गल्लोगल्ली होती. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये प्लेगनेच गेल्या.

आता योगायोग बघा. ज्या वर्षी राधाबाई गेल्या, त्याच १८९२ च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये बत्तीस वर्षांच्या एका माणसाने पटकीची लस तयार करून ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आणि दामोदरपंत गेले त्या वर्षी तोच माणूस मुंबईत, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बसून प्लेगची लस हजारो बाटल्यांत भरत होता. दोन्ही रोगांवर हात टाकणारा हा माणूस म्हणजे वॉल्डेमार हाफकिन.

परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्याचं नाव पाटीवर आहे तो माणूस कोण होता, आणि ज्या सरकारने त्याला डोक्यावर घेतलं त्याच सरकारने त्याला घरी का बसवलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, परिस्थिती बेताची. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि तिथे त्यांना गुरू भेटले इल्या मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह यांच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण रोगप्रतिकारशक्ती हा जो शब्द आपण उठताबसता वापरतो, त्याची अर्धी बाजू या माणसाची आहे. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काट्याभोवती पेशी जमा झाल्या होत्या, जणू घरात चोर शिरल्यावर आळी गोळा व्हावी तशा. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळायला धावणाऱ्या पेशी असतात, हे त्यातून पुढे आलं. जर्मनीतल्या मंडळींचं म्हणणं वेगळं होतं. खरं संरक्षण रक्ताच्या पातळ भागात विरघळलेल्या द्रव्यांत असतं, पेशी दुय्यम, असं ते सांगत. हे भांडण वीस वर्षं चाललं. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि जर्मनीचे पॉल एरलिख या दोघांना विभागून मिळालं, आणि दोघेही बरोबर होते हे आज आपल्याला ठाऊक आहे.

हाफकिन अशा गुरूच्या हाताखाली तयार झाले. पण ओडेसात ज्यू असणं सोपं नव्हतं. १८८१ मध्ये ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा हाफकिन बचावाला उभ्या राहिलेल्या तरुणांत होते. ते जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकॉव्ह मध्ये पडले म्हणून सुटले. पुढे प्राध्यापकी मिळण्याची वाट धर्मांतरातून जात होती. ती त्यांनी घेतली नाही. काही वर्षं ओडेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जतन केलेल्या नमुन्यांच्या संग्रहात काम केलं आणि १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस.

पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉव्ह पोचले होते, पण शिष्यासाठी संशोधकाची जागा शिल्लक नव्हती. मिळालं ते ग्रंथालयातलं साहाय्यकाचं काम. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. त्यातूनच पटकीची लस तयार झाली.

ही पहिली लस जिवंत जंतूंची होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. काही जंतू उष्णता आणि हवा देऊन मवाळ केलेले, तर काही गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक फिरवून जहाल केलेले. आधी मवाळ टोचायचे, काही दिवसांनी जहाल. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी पहिला डोस स्वतः घेतला. ताप आला, उतरला. मग मित्रांनी घेतला.

लस तयार झाली, पण ती खरोखर चालते हे दाखवायला जिथे पटकी आहे तिथे जायला हवं. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, जे आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या शब्दावर वाट मोकळी झाली. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. त्यांनी उत्तर हिंदुस्थान पिंजून काढला, कलकत्त्याच्या वस्त्यांत फिरले, आसामच्या चहामळ्यांत मजुरांना टोचलं. स्वतः मलेरियाने इतके खंगले की १८९५ मध्ये परत जावं लागलं. बरे होऊन पुढच्या वर्षी पुन्हा आले, आणि येताच दुसरंच संकट उभं राहिलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत, वर्तमानपत्रांतून ग्रंथिक सन्निपात. शहर रिकामं व्हायला लागलं. गाड्या भरभरून माणसं कोकणात, देशावर, नाशिककडे निघाली आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. सरकारने हाफकिन यांना मुंबईला धाडलं. ऑक्टोबरमध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई.

या व्हरांड्यात काय चाललं होतं ते फार मजेशीर आहे. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायला हवं, नाहीतर कोण टोचून घेणार? म्हणून बकऱ्याचं मांस. आणि रश्शावर तरंगतं सोडलं चक्क तूप. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाखालून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी बसतात आणि तुपाखाली नवे धरतात. काही आठवडे असं केलं की बाटलीभर जंतूंचा साका जमा होतो. मग ती साधारण सत्तर अंश सेल्सिअसला तासभर तापवायची, म्हणजे जंतू मरतात. वरून थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, म्हणजे दुसरं काही वाढत नाही. झाली लस.

पटकीची लस जिवंत जंतूंची, प्लेगची मेलेल्या जंतूंची. हा बदल साधा नाही. मेलेला जंतू शरीरात वाढू शकत नाही, त्यामुळे तो रोग देऊ शकत नाही. पण त्याच्या अंगावरची ओळखीची चिन्हं शाबूत असतात. शरीराच्या पेशी ती चिन्हं पाहतात, त्यावर उपाय तयार करतात आणि ती ओळख राखून ठेवतात. उद्या खरा जंतू आला की शरीराची तयारी आधीच झालेली असते. मेलेल्या जंतूवरून जिवंत शत्रू ओळखायला शिकणं, इतकं कसब शरीरात असतं या एका भरवशावर हाफकिन यांची सगळी इमारत उभी होती.

हा भरवसा बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरतो. ज्यांच्या बाबतीत ठरत नाही त्यांच्याकडे आपण नंतर येऊ.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. डोसही थोडाथोडका नाही, १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना देणार होते त्याच्या जवळपास चौपट. फणफणून ताप आला, टोचलेली जागा दुखली, काही दिवसांत उतरलं. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी राजीखुशीने टोचून घेतलं, निम्म्यांनी नाही. न टोचलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले. राजीखुशीने हा शब्द तुरुंगात कितपत खरा असतो हा प्रश्न आज आपल्याला पडतो. त्या काळी तो फारसा कुणाला पडला नाही.

याहून बोलका दाखला बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावचा. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन तिथे गेले तेव्हा गावात प्लेग होता. त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या अर्ध्या माणसांना टोचलं, अर्ध्यांना ठेवलं. एकच घर, एकच अन्न, तेच उंदीर. न टोचलेल्या ६४ जणांत २७ जणांना प्लेग झाला आणि त्यातले २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांत ८ जणांना झाला, ३ मेले. आकडे वाचून लस चालते याबद्दल शंका उरत नाही. पण एकाच चुलीभोवती बसणाऱ्या त्या ६४ जणांचा विचार केला की अंगावर काटाही येतो.

मग लोक रांगा लावून टोचून का घेत नव्हते?

कारण त्याच वेळी सरकारचं दुसरं तोंड लोकांना दिसत होतं. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसून तपासणी करत होते, सामान जाळत होते, माणसांना उचलून छावण्यांत नेत होते. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्यांनी झाला. सुई घेऊन येणारा डॉक्टर आणि बंदूक घेऊन येणारा सोल्जर एकाच सरकारचे. लोकांनी दोघांत फरक करावा ही अपेक्षा जरा जास्तच होती. हाफकिन यांचा मात्र सक्तीला विरोध होता. त्यांचा भर लोकांना पटवण्यावर आणि जो पटेल त्यालाच टोचण्यावर राहिला. अशा वेळी आगाखान त्यांच्या मदतीला आले. त्यांनी आपला खुशरू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, आणि मग खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. जिथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत तिथे आता जंतूंच्या बाटल्या मांडल्या गेल्या.

इथपर्यंत सगळं चढतं होतं. आता मुलकोवाल.

१९०२ मध्ये पंजाबात मोठी मोहीम ठरली. मागणी प्रचंड होती. वेग वाढवावा म्हणून हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल घालणं बंद केलं होतं आणि नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. ३० ऑक्टोबरला मुलकोवाल या गावात १०७ जणांना टोचलं. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. १९ पैकी एकही वाचला नाही. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, क्रमांक ५३ एन. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

हे का झालं असावं? धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. त्याचा प्लेगशी काही संबंध नाही आणि लसीने शरीराला जे शिकवायचं असतं त्याच्याशीही नाही. म्हणजे बाटलीत कुठून तरी माती शिरली. प्रश्न एवढाच होता की परळला शिरली की मुलकोवालला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिने ठरवलं की बाटली परळलाच बिघडली असावी, आणि बोट कार्बोलिक आम्ल गाळण्याकडे दाखवलं. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले.

साक्षीपुराव्यात एक बारीक गोष्ट होती, जिच्याकडे आधी कुणी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी मुलकोवालला बाटलीचं बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात जेमतेम बुडवला आणि त्यानेच ५३ एनचं बूच उघडलं. शिवाय बाटली परळहून निघून कित्येक आठवडे झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचे जंतू आत वाढत असते तर उघडताच घाण वास आला असता. तसा वास आल्याची नोंद नव्हती.

सरकारने हे कागद डिसेंबर १९०६ पर्यंत बाहेरच येऊ दिले नाहीत. आले तेव्हा मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस पेटून उठले. १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापलं. प्रकरण पार्लमेंटात गेलं. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपातून नुकतंच सोडवलं होतं, त्यामुळे लोकांनी या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण असं नाव दिलं. अखेर १९०७ च्या शेवटी हाफकिन निर्दोष ठरले.

पण परळ त्यांना परत मिळालं नाही. तिथे दुसरे संचालक बसले होते. हाफकिन यांना कलकत्त्याला जागा दिली गेली, तीही बहुतेक कागदी संशोधनापुरती. माणसांवर नव्या लशी आजमावायची परवानगी नव्हती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. उरलेलं आयुष्य ज्यू धर्माच्या आचारात आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या शिक्षणाच्या कामात घातलं, साठवलेला पैसाही त्यालाच दिला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. तोपर्यंत तिथून प्लेग लशीचे अडीच कोटींहून अधिक डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते गेले.

चरित्र इथे संपतं, पण मागे ठेवलेला मुद्दा अजून बाकी आहे. हाफकिन यांचा भरवसा शरीराच्या शिकण्यावर होता. ते शिकणंच चुकलं तर? किंवा शरीराला शिकताच येत नसेल तर?

पहिल्या प्रश्नाची चाहूल त्यांच्या हयातीतच लागली होती, तीही त्यांच्या जुन्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. १९०० मध्ये मेताल्निकॉव्ह या रशियन संशोधकाने दाखवलं की गिनीपिगचं शरीर स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करू शकतं. एरलिख यांना हे पटणं जड गेलं. शरीर स्वतःचाच घात करणार नाही, तसं होऊ नये अशी काहीतरी आतली भीतीवजा व्यवस्था असणार, असं ते मानत. १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीने रक्तपेशी फुटण्याच्या एका आजारात शरीराचीच प्रतिद्रव्यं आपल्या रक्तपेशींना मारतात हे सिद्ध केलं. तरीही एरलिख यांच्या नावाचं वजन इतकं की पुढची काही दशकं स्वयंप्रतिकारक आजार, म्हणजे आज ज्याला ऑटोइम्यून म्हणतात तो प्रकार, मुख्य रस्त्यावर आलाच नाही.

हा प्रकार आपल्याकडे मात्र एका वेगळ्याच दाराने आला, आणि त्या दाराशी आपल्यापैकी अनेकांचे आईवडील उभे राहिलेले आहेत. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आठवतात? ती लस १९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो मेंदू वाटायचा, कार्बोलिकने विषाणू मारायचा आणि ते टोचायचं. परळच्या संस्थेतही ती बनत असे. तिने असंख्य लोक वाचले, कारण रेबीज झाला की मरण ठरलेलं. पण काहीशे ते काही हजार रुग्णांमागे एखाद्याचे हातपाय दोन-तीन आठवड्यांनी लुळे पडत. विषाणू तर मेलेला होता. मग झालं काय?

विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूचे अंशही शरीरात जात होते. मज्जातंतूंवर विजेच्या तारेसारखं जे आवरण असतं, त्यातले काही घटक मेंढीचे आणि माणसाचे बरेचसे सारखे. शरीराने शत्रू म्हणून विषाणू ओळखलाच, पण सोबत हे आवरणही शत्रूच्या यादीत टाकलं आणि मग स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला केला. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून हाच आजार घडवून दाखवला. विषाणूचा लवलेश नसताना. मल्टिपल स्क्लेरोसिससारखे आजार समजून घेण्याची वाट तिथून निघाली. मेंदूच्या पेशींऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर केलेल्या लशी आल्यावर हा धोका संपला. आपल्याकडे जुनी लस २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं पुरतात.

मुलकोवालचे १९ आणि मेंढीच्या मेंदूच्या लशीने लुळे पडलेले रुग्ण, लोकांच्या तोंडी दोघांचंही वर्णन एकच, लसीने घात केला. पण मुलकोवालला घात केला मातीने. हात स्वच्छ असता तर १९ जण जगले असते. दुसऱ्या ठिकाणी हात स्वच्छ होते, बाटली निर्जंतुक होती, आणि शरीराने आपलं काम इतक्या इमानाने केलं की ते मालकावरच उलटलं.

आता दुसरा प्रश्न. ज्या शरीराला शिकताच येत नाही त्याचं काय?

जन्मतःच प्रतिकारशक्तीचा एखादा भाग नसलेली मुलं असतात. त्यातला सगळ्यात गंभीर प्रकार म्हणजे स्किड. यात शरीराला शत्रू ओळखायला शिकवणाऱ्या टी पेशी जवळजवळ नसतातच. मूल जन्मतः गुटगुटीत दिसतं, आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं काही महिने सांभाळतात, आणि मग न्यूमोनिया, जुलाब, तोंडातली बुरशी असं एकामागून एक सुरू होतं. वजन वाढत नाही. हाफकिन यांच्या काळात अशी मुलं नक्कीच जन्मत असणार, पण बाळं इतकी मरत होती की त्यातलं हे वेगळं मरण कुणाला दिसणार? १९५२ मध्ये अमेरिकेत ऑग्डेन ब्रूटन यांनी वारंवार आजारी पडणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात प्रतिद्रव्यंच नाहीत हे शोधलं, तेव्हा या आजारांना प्रथम नाव मिळालं. ब्रूटन यांच्या त्या मुलाचा आजार स्किडहून वेगळा होता, पण दार त्याने उघडलं.

आता जिवंत आणि मेलेल्या जंतूंचा तो फरक आठवा. स्किड असलेल्या बाळाला मेलेल्या जंतूंची लस दिली तर फायदा होत नाही, पण त्या जंतूंमुळे आजारही होत नाही. जिवंत, मवाळ केलेल्या जंतूंची लस दिली तर मात्र तो मवाळ जंतूही अडवायला कुणी नसतं. आपल्याकडे क्षयावरची बीसीजी ही अशीच जिवंत लस आहे आणि ती जन्मल्याबरोबर देतात. निरोगी बाळासाठी ते योग्यच आहे, लहान मुलांचा मेंदूचा क्षय तिने टळतो. पण स्किडच्या बाळात बीसीजीचा जंतू टोचलेल्या जागेवरून काखेतल्या गाठींत आणि तिथून यकृत, हाडं, फुप्फुसांत पसरू शकतो. अनेकदा आजार उघडकीस येतो तोच असा.

म्हणून घरात आधीचं एखादं बाळ वारंवारच्या जंतुसंसर्गाने वर्षाच्या आत गेलं असेल, किंवा आईच्या माहेरी मुलगे लहानपणी असेच गेले असतील, तर पुढच्या बाळंतपणात हे डॉक्टरांना बीसीजीच्या आधी सांगायला हवं. अशा वेळी तपासणी होईपर्यंत ती लस थांबवता येते. आपल्याकडे मामेबहिणीशी, आतेभावाशी लग्नं होतात. अशा घरांत दोन्हीकडून एकच दोष येऊन मुलात उतरण्याची शक्यता वाढते. यात कुणाचा पायगुण नसतो आणि दृष्टही नसते, कितीही सासवांनी तसं म्हटलं तरी. स्किड वेळेत कळला, बाळाला मोठा संसर्ग व्हायच्या आत कळला, तर जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण करून ते बरं करता येतं. काही देशांत यासाठी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर प्रत्येक नवजात बाळाची तपासणी होते. भारतात ती अजून सगळ्या बाळांसाठी नाही.

तपासणीची सोय मात्र आहे, आणि तीही परळलाच. केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रक्ताच्या थोड्या नमुन्यावरून टी पेशी किती, बी पेशी किती, कोणती नाहीच, हे तिथे मोजतात आणि पुढे कोणत्या जनुकात दोष आहे तेही शोधतात. नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांना शंका आली तर नमुना किंवा बाळ तिथवर जाऊ शकतं. तिथून हाफकिन इन्स्टिट्यूटचं फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.